माझ्या वाटणीचे आठ तास

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

टायरवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी आज पहिल्यांदा उघडली. गाडीवर होतो तेव्हा तीस वर्षं रोज लिहायचो. कुठून निघालो, कुठे टेकलो, किती वाजता. गाडी सुटली आणि लिहिण्याजोगं काही राहिलं नाही. शहाडच्या पुलापर्यंत चालून आलो आणि साखर एकशे सत्तर आली, हे काय लिहायचं?

आज लिहितोय कारण घरात गाडीचा विषय निघाला. संदेश, माझा पोरगा, भिवंडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर आहे. कंपनीने आता प्रत्येक ट्रकमध्ये टॅब बसवलाय. निघताना ड्रायव्हरने त्याला तोंड दाखवायचं. कायद्याने एका माणसाला दिवसाचे आठच तास. ते भरले की टॅब कोकलायला लागतो आणि ऑफिसात बोंब जाते. दुसऱ्या ड्रायव्हरने तोंड दाखवलं तरच गप्प बसतो. म्हणून घाईचा माल, तो ऑनलाइन सेलचा, फक्त दोन ड्रायव्हरच्या गाडीला मिळतो. संदेशचा जोडीदार तानाजी गावी निघून गेला, तेव्हापासून याच्या वाट्याला कल्याण-भिवंडीच्या खेपा. घरी येतो आणि भिंतीकडे बघत बसतो.

मी म्हटलं, "माझं लायसन सत्तावीसपर्यंत चालू आहे. माझं नाव टाक."

तो हसला. "अण्णा, तुम्हाला जिना उतरवत नाही. क्लच काय दाबणार?"

"मी कशाला दाबू? टॅबला माझा फोटो दाखव."

तेव्हा तो हसायचा थांबला. विनिता, माझी सून, पोळ्या लाटत होती. तिने लाटणं ठेवलं आणि आमच्या दोघांकडे बघितलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

भिवंडीला ऑफिसात जाऊन सही करून आलो. तिथला सुपरवायझर रवींद्र, तिशीचा पोरगा, फार अदबीने बोलतो. त्याने लायसन बघितलं, मग मी खुर्चीवर बसताना धरलेला गुडघा बघितला.

"काका, लांबचं जमेल ना?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून जमतंय."

तो हसला आणि कागद पुढे केला. दुसरं काही विचारलं नाही. भोळा आहे बिचारा, असल्या पोरांना गंडवणं म्हणजे काही काम नाही.

कागदावर छापलेलं होतं, चालक क्रमांक दोन, पोपट दगडू ढमाले. चार वर्षांनी माझं नाव एका गाडीला लागलं. खोटं कशाला लिहू, परत येताना रिक्षात मला भरून आलं.

८ सप्टेंबर, सोमवार

पहिली खेप. संदेश पहाटे पाचला नागपूरला निघाला. नवीन रस्ता सरळसोट आहे, आमच्या वेळी असा असता तर राज्य केलं असतं. दुपारी एकला माझा फोन वाजला. आतून एक बाई म्हणाली, "पोपटजी, आपली ड्युटी सुरू झाली आहे. सुरक्षित चालवा."

हौसाबाई, म्हणजे आमच्या कारभारीण, शेंगा सोलत होत्या. "कोण ही? जी म्हणते तुम्हाला?"

"ऑफिसातली आहे. तुला कोणी म्हणतं का?"

रात्री नऊला बाई पुन्हा बोलली. ड्युटी संपली, कृपया विश्रांती घ्या. मी घेतली. संदेश तोवर नागपूरला माल उतरवून परतीलाही लागला होता. जुन्या सवयीने त्याचे खरे तास इथे मांडून ठेवतो. एकूण सोळा, त्यातले माझ्या वाटणीचे आठ.

१३ सप्टेंबर, शनिवार

रवींद्रचा फोन. वाटलं, पकडलं.

"काका, तुम्ही रोज तोच निळा शर्ट घालता का? फोटोत दिसतो म्हणून विचारलं."

मी म्हटलं, गाडीवरचा शर्ट आहे, मळतो म्हणून एकच ठेवलाय.

"बदलत जा हो. वरच्या साहेबांना तेवढंच बघायला काम असतं."

बरं झालं त्याने आपणहून सांगितलं. संध्याकाळी स्टेशनजवळच्या स्टुडिओत जाऊन तीन शर्टांत तीन फोटो काढले. एकात टोपी घातली, एकात दाढी वाढलेली ठेवली. सगळे लॅमिनेट केले आणि संदेशच्या पिशवीत टाकले. फोटोग्राफरने विचारलं, लग्न जमवताय का काका. बऱ्याच दिवसांनी इतका हसलो.

या आठवड्यात संदेशचे तास: सोळा, चौदा, सोळा, पंधरा, सोळा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

संदेश दुपारी घरी आला. एक चप्पल काढली आणि दुसरी पायात तशीच ठेवून खाटेवर बसल्या बसल्या झोपला. विनिताने उठवून जेवायला वाढलं. जेवला, हात धुतला, आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "विने, जेवायला देतेस ना?" ती म्हणाली, आत्ताच जेवलास. तो मान हलवून हसला. मीही हसलो. आमच्याकडे विसराळूपणा माझ्या वडिलांपासून आहे.

विनिता हसली नाही. ती कल्याणला लॅबमध्ये रिसेप्शनवर बसते, तिला जिथे तिथे आजारच दिसतो.

निघताना मी त्याला जुनी विद्या शिकवली. हिरवी मिरची दाढेखाली धरायची, डोळा मिटायला लागला की चावायची. ओला पंचा मानेवर. डोळ्यांखाली बाम, पण बोटभर खाली, नाहीतर पाणी येऊन रस्ताच दिसत नाही. त्याने सगळं नीट ऐकलं. म्हणाला, "अण्णा, परवा सिन्नरच्या अलीकडे मला रस्त्यात म्हैस दिसली. ब्रेक मारला. काहीच नव्हतं."

"आम्हाला हत्ती दिसायचे," मी म्हटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. संदेश गाडीवर. हौसाबाई देवळात गेल्या तेव्हा विनिता माझ्यासमोर येऊन बसली.

"अण्णा, एक मागू?"

"माग की."

"तुम्ही रवींद्रला फोन करून नाव काढून घ्या. गुडघा दुखतो सांगा. तुमचं नाव निघालं की गाडी आठ तासांनी थांबेल. तो स्वतःहून थांबणार नाही, मी सांगून थकले. कंपनी तर थांबवणारच नाही. तुम्हीच थांबवू शकता."

मी म्हटलं, सीझन आहे, दिवाळीपर्यंत जाऊ दे. असल्या खेपा पुन्हा मिळणार नाहीत.

"कसला माल असतो अण्णा? मिक्सर, इस्त्र्या. कोणाचा मिक्सर एक दिवस उशिरा आला तर काय चटणी अडणार आहे?"

मला राग आला. मी म्हटलं, आम्ही सलग छत्तीस तास चालवलंय, आम्ही मेलो का? ती उठून आत गेली.

आता कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. गुडघा हे सांगायचं कारण आहे. मी गाडी सोडली ती माळशेजच्या खाली, वळणाच्या अलीकडे. भर उन्हात माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा गाडी एका मैलाच्या दगडाला टेकून उभी होती आणि पुढे दोन हातांवर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन थिजली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. मी मालकाला ब्रेक लागला नाही म्हणून सांगितलं. घरी गुडघा सांगितला. मिरची तेव्हाही माझ्या तोंडात होती.

उद्या रवींद्रला फोन करतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

फोन केला. तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "काका, शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला, आत्ताच तुमचं नाव घेत होतो. या महिन्याचे सुरक्षित चालक तुम्ही. एकही चूक नाही, विश्रांती वेळच्या वेळी. तीस तारखेला यायचं, साहेब सत्कार करणार."

नावाचं काढायचं राहून गेलं. तीस तारखेनंतर सांगतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

शाल, नारळ, स्टीलचा थर्मास आणि सर्टिफिकेट. साहेबांनी भाषणात म्हटलं की तरुणांनी ढमाले काकांकडून शिकावं, हा माणूस नियमाबाहेर एक मिनिट गाडी चालवत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रवींद्रने सगळ्यात जोरात वाजवल्या. तीस वर्षं खरी गाडी हाकली तेव्हा कोणी सुपारीचं खांड हातावर ठेवलं नव्हतं.

सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. थर्मास संदेशला दिला. विनिता फ्रेमकडे बघून म्हणाली, "छान आहे." मग म्हणाली, "बोललात का?"

"सत्काराच्या दिवशी कसं बोलणार?"

संदेशचे तास, काल आणि आज मिळून एकतीस.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडीची पूजा नागपूरच्या गोदामाबाहेरच झाली, माल उतरवायला नंबर लागत नव्हता. संदेशने फोटो पाठवला, बॉनेटवर झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू. मी घरी पाटावर माझं लायसन ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. हौसाबाईंनी बघून तोंड फिरवलं. त्यांना कधीच काही कळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

संदेश रविवारी नागपूरला गेला. काल दिवसभर माल उतरवायला रांगेत. रात्री आठला निघून पहाटे चारला नाशिक. तिथे मिक्सरची खोकी भरायची होती. ती मोजत अकरापर्यंत उभा. साडेअकराला गाडी हलली, माझा फोटो लावला, आणि इकडे बाईचा फोन आला, पोपटजी, सुरक्षित चालवा.

मागोमाग संदेशचा फोन.

"अण्णा, घोटी जवळ आली की तासभर पडू का? डोळे नुसते चिकटतायत."

"कुठपर्यंत पोचायचंय?"

"चारला गोदामात. पडलो तर पाच होतील. रवींद्रचे दोनदा फोन येऊन गेले."

"मग आता काय पडतोस? कसारा घाट उतरलास की घर आलंच. माल टाक, घरी येऊन उद्या सकाळपर्यंत झोप. कोणी उठवणार नाही, मी दाराशी बसतो."

"बरं," म्हणाला. "मिरची आहे माझ्याकडे."

दोन दिवसांत त्याची झोप, त्यानेच सांगितलेली, साडेतीन तास. एवढी खेप झाली की रवींद्रला नक्की सांगायचं. संदेश आल्यावर त्याच्यासमोरच फोन लावतो, म्हणजे विनिताचीही खात्री पटेल. तिने त्याच्यासाठी कोंबडी आणून ठेवलीय.

दोन वाजले. जेवण जड झालं. आता जरा पडतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

संदेश गेला.

मंगळवारी, दुपारी पावणेतीनला, खडवली फाट्याजवळ. पुढे कडेला एक ट्रेलर बंद पडून उभा होता. मागच्या गाडीवाले सांगतात की ब्रेक लागलाच नाही, गाडी आहे त्या वेगात सरळ गेली. उघडा रस्ता, लख्ख ऊन. घरापासून पाऊण तासावर. केबिनमध्ये तो एकटाच सापडला. दाढेखालची मिरची तशीच होती. हे मला पंचनाम्याच्या वेळी तिथे असलेल्या माणसाने सांगितलं, का सांगितलं कोणास ठाऊक.

चार दिवस हातात पेन धरवलं नाही.

पेपरात चार ओळी आल्यात. ट्रकमधील दुसरा चालक विश्रांती घेत असताना मृत्युमुखी, गाडी चालवणारा चालक फरार. फरार चालक म्हणजे मी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं की दुसऱ्या कुठल्या गाडीची बातमी आहे. मग टॅबचं लक्षात आलं. साडेअकरापासून गाडी माझ्या हातात होती.

१२ ऑक्टोबर, रविवार

रवींद्र आला. डोळे लाल होते त्याचे, ते खोटे नव्हते. पाणी प्यायला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, कागद जसा आहे तसा राहू द्या. तुम्ही चालवत होता, डोळा लागला, घाबरून निघून गेलात. वय बघून लगेच जामीन होईल, वकील कंपनी देईल. संदेश मागे झोपलेला होता, म्हणजे त्याच्यावर काहीच येत नाही. वहिनींना विम्याचे पैसे वेळेवर मिळतील."

"आणि खरं सांगितलं तर?"

तो टीव्हीच्या वरच्या फ्रेमकडे बघत राहिला. "तर फसवणूक कोणी केली असं विचारतील. फोटो तुमचे आहेत, काका. शर्टसुद्धा तुम्हीच बदललेत."

"तू सांगितलंस म्हणून बदलले."

"मी फक्त विचारलेलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या दिवशी त्याने माझा गुडघा बघितला होता. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, साहेबांनाही असणार. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. भोळा मी एकटाच होतो.

पण त्याचं म्हणणं मला पटलं, हेही लिहितो. मला तुरुंगात जायला आवडलं असतं. निदान मी काहीतरी चालवलं असं झालं असतं. मी त्याला हो म्हणणार होतो.

विनिता आतून आली. पाच दिवसांत ती रडलेली मी बघितली नाही. म्हणाली, "तो मागे झोपलेला नव्हता."

रवींद्र म्हणाला, "वहिनी, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"महिनाभर तो झोपलेला नव्हता. आणि तुम्ही आता त्याला कागदावर झोपवताय." मग माझ्याकडे वळली. "अण्णा, आलेली प्रत्येक बाई विचारते, दिवसाढवळ्या कसा झोपला, पीत होता का. त्याला झोपू दिलं नाही, हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. मला दुसरं काही नको."

"विमा अडकेल," मी म्हटलं.

"अडकू दे. मी नोकरी करते."

रवींद्र गेल्यावर मी गादीखालून ही डायरी काढून तिच्या हातात दिली. ती उभ्या उभ्या वाचत गेली. मला वाटलं होतं ती तासांचे आकडे बघेल. पण ती बावीस तारखेवर थांबली, जिथे मोळीवाल्या बाईचं लिहिलंय. ते पान तिने दोनदा वाचलं. मग सात तारीख वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तिने डायरी माझ्या मांडीवर ठेवली आणि गॅसवर दूध उतू जात होतं ते बंद करायला गेली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

विनिता आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. हवालदार वयस्कर होता. कंपनीचा कागद समोर ठेवून त्याने विचारलं, "चालक पोपट दगडू ढमाले म्हणजे तुम्हीच? पावणेतीनला गाडीत होता ना?"

मी म्हटलं, "घरी होतो, शहाडला. जेवून झोपलो होतो. पोरगा माझ्या वाटणीची गाडी चालवत होता."

त्याने पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. टॅब, तीन शर्ट, मिरची, घोटीला तासभर पडू का म्हणून विचारलेलं आणि मी काय उत्तर दिलं ते. मध्ये एकदा तो म्हणाला, आजोबा, हे सगळं तुमच्यावर येईल. मी म्हटलं, माझंच आहे. उद्या सकाळी डायरी घेऊन या म्हणाला, जमा करून घेतो.

परत येताना विनिता रिक्षात माझ्यापासून सरकून बसली होती. पूल संपल्यावर म्हणाली, "अण्णा, गोळी घेतली का साखरेची?" तिने मला माफ केलंय असं मी समजत नाही. सवयीने विचारलं असेल.

हौसाबाईंनी टीव्हीवरची फ्रेम काढून ठेवलीय. कुठे ठेवली विचारायची हिंमत नाही. माझ्याशी त्या बोलत नाहीत, ताट मात्र वाढतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

शेवटचं लिहितो, मग ही डायरी देऊन टाकायची. पानं आहेत अजून बरीच.

आठ सप्टेंबर ते सात ऑक्टोबर, संदेशचे सगळे तास काल बसून पुन्हा नीट उतरवले आणि मागच्या पानावर बेरीज मांडली. एकूण चारशे एकोणीस. टॅबमध्ये त्याच्या नावावर दोनशे सव्वीस निघतील. उरलेले एकशे त्र्याण्णव माझे आहेत. ते मी शहाडला दहा बाय बाराच्या खोलीत खाटेवर पडून चालवले.

रात्री डोळा लागत नाही. लागला की गाडी सरळ जाताना दिसते आणि मी उठून बसतो. विनिताच्या खोलीतला दिवाही जळत असतो. दोघंही जागे असतो आणि दोघंही एकमेकांना हाक मारत नाही.

आठ वाजले तेव्हा फोन वाजला. मी चपला घालत होतो. विनिता दारात उभी होती, तिनेच फोन उचलून स्पीकर लावला. ऑफिसातल्या कोणाला अजून माझं नाव काढायचं सुचलेलं नाही.

"पोपटजी, आपली विश्रांती पूर्ण झाली आहे," बाई म्हणाली. "आता आपण गाडी चालवू शकता."